दुसरी डिस्क ठाकुर्लीला

आई,

डोंबिवलीत माझं टाइपसेटिंगचं दुकान होतं, हे तुला माहीतच नाही. तू गेलीस तेव्हा मी कल्याणच्या क्लासात टायपिंग शिकत होते आणि कॉम्प्युटर हा शब्द आपल्या चाळीत कुणाच्या तोंडी नव्हता. नंतर दहा-बारा वर्षांनी मी स्टेशनजवळ गाळा घेतला. आधी एक कॉम्प्युटर, मग चार, आणि माझ्या जोडीला तीन बायका. लग्नपत्रिकांवर सुरुवात केली. मग ठाण्याचे एक प्रकाशक आले, शाळेची गाईडं छापणारे. वर्षभर काम देतो म्हणाले, पण स्पष्टच बोलले, 'आमची पुस्तकं दरवर्षी थोडी बदलून पुन्हा छापतात. मागच्या ठिकाणी सगळ्या फायली गेल्या. तुमच्याकडेही गेल्या, तर आपला संबंध संपला.' माझ्या फायली तेव्हा फ्लॉप्यांवर, फ्लॉप्या बिस्किटांच्या डब्यांत, आणि दमट हवेत त्यांना बुरशी धरायची. हे काम टिकलं तर तिघींना बारमाही पगार, नाहीतर लग्नसराई संपली की बसा घरी. मी हट्टाला पेटले. काम सोडायचं नाही.

कॉम्प्युटर विकणारा ठाण्याहून आला. बोलण्यात पटाईत. 'मॅडम, एकच मोठी डिस्क टाका. चार-पाच वर्षं बघायला नको.' मी विचारलं, 'बिघडली तर?' म्हणतो, 'गॅरंटी आहे ना, नवीन देईन.' 'नवीन देशील रे, पण तिच्या आत काय असेल?' तो म्हणाला, 'ठीक आहे, एकाच मशीनमध्ये दोन डिस्क बसवतो. जे एकीवर लिहिलं जाईल ते दुसरीवर आपोआप. बड्या कंपन्या असंच करतात.' माझ्या नवऱ्याला ते एकदम पटलं. बड्या कंपन्या म्हटलं की त्याला सगळंच पटतं. मला मात्र काहीतरी टोचत होतं आणि काय टोचतंय ते सांगता येत नव्हतं. दोन दिवसांनी सांगते म्हणून मी त्याला वाटेला लावलं.

आणि दुसऱ्या दिवशी दुधाला विरजण लावताना तू आठवलीस. चाळीतलं आपलं ते अंधारं स्वयंपाकघर, तू ओट्याशी उभी आहेस, वाटीत चमचाभर दही काढून माझ्या हातात देतेस, 'टोकाच्या खोलीत देऊन ये.' मी कुरकुरते, कारण टोकाची खोली म्हणजे सगळी गॅलरी तुडवायची. एकदा मी ते शेजारच्या काकूंकडेच देऊन आले, तर तू केवढी रागावलीस. 'आपलं नासलं तर उद्या आणायचं कुठून? काकूंच्या नि आपल्या खोलीवर एकच ऊन येतं. आपलं आंबट झालं तर त्यांचंही होणार. टोकाला झाडाची सावली आहे, अक्कल चालव जरा.' मी पाय आपटत पुन्हा गेले. चाळीत सगळ्याच बायका एकमेकींकडे विरजण मागायच्या, पण न मागता रोज पोचवणारी तू एकटीच. लोक हसायचे तुला. तू कुणाला भीक घालायची नाहीस.

मी विक्रेत्याला सांगितलं, दोन डिस्क घेईन, पण एका मशीनमध्ये नाही. दुसरी खणासारखी सरकवून बाहेर काढता येईल अशी हवी. रोज संध्याकाळी सगळं काम तिच्यावर उतरवायचं, मशीन बंद करायचं, डिस्क काढायची आणि ती दुकानात ठेवायची नाही. माझ्याकडची एक बाई शेजारच्या ठाकुर्लीची, चालत घरी जायची. ती जुन्या स्वेटरमध्ये डिस्क गुंडाळून पिशवीतून न्यायची, सकाळी परत आणायची. बाकीच्या दोघी चिडवायच्या, 'बाळ झोपलं का गं रात्री नीट?' नवरा म्हणाला, हा शुद्ध वेडेपणा आहे. म्हटलं, असू दे.

पुढच्याच परीक्षेच्या हंगामात दहावीच्या गाईडाचं काम तयार होतं, प्रकाशक दुपारी न्यायला येणार होते. सकाळी दुकान उघडलं, गेलेली वीज आली ती धाडकन, आणि मुख्य मशीनमधून जळका वास. आतली डिस्क गेली. दोन्ही तिथेच असत्या तर दोन्ही गेल्या असत्या. तेवढ्यात ठाकुर्लीवाली आली, पिशवी खांद्याला, म्हणते, 'बाई, चेहरा का असा?' आम्ही दुसऱ्या मशीनचं बटण बंदच ठेवलं, वीज स्थिर व्हायची वाट बघितली, मग तिची डिस्क सरकवली. आदल्या संध्याकाळपर्यंतचं सगळं होतं. पानन् पान. मी खुर्चीत बसून रडले, त्या तिघींसमोर, मला लाज वाटली नाही. दुपारी प्रकाशक आले, चहा घेतला, गाईड घेऊन गेले. दुकान बंद करेपर्यंत त्यांचं काम माझ्याकडेच होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, नुसतं लिहायचं होतं. एक सांगून टाकते. परवा सुनेनं विचारलं, 'तुमची आई तुम्हाला हाक कशी मारायची?' मी तशी हाक मारून दाखवायला गेले, तर ती माझ्याच आवाजात आली. पुन्हा मारली, तरी तेच. तुझे शब्द सगळे आहेत माझ्याकडे. तुझा आवाज मला आता आठवत नाही, आई. तो दुसऱ्या कुणाकडे ठेवायचं मला सुचलंच नाही.