सात मात्रांची दुपार

कँटरबरी, रविवार

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे. मी काम करते त्या वृद्धांच्या केअर होममध्ये हीटिंग असतं, स्वेटर पाठवू नका. तुमचा गुडघा कसा आहे? तबल्याच्या क्लासला मुलं येतात ना?

इथे रॉजर आजोबा आहेत. पन्नास वर्षांपूर्वी ते याच गावातल्या एका बँडमध्ये ड्रम वाजवायचे. रॉकमध्ये जॅझ मिसळलेलं, स्वप्नात ऐकल्यासारखं संगीत. स्ट्रोकनंतर त्यांची वाचा गेली. काल दुपारी मी त्यांची जुनी रेकॉर्ड लावली, तर त्यांचा डावा हात ट्रेवर ठेका धरू लागला. मोजल्या, तर सात मात्रा! मग मीही समोर बसून तुम्ही शिकवलेला रूपक धरला, ती ती ना धी ना धी ना. आजोबा चक्क हसले. बराच वेळ आम्ही दोघं वाजवत होतो.

मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा बोलले, "आउट."

"उद्या बागेत जाऊ हं," मी म्हटलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आउट."

बाहेरच्या दाराच्या कुलपाचा कोड मला पाठ आहे, बाबा. पण माझा व्हिसा याच नोकरीवर आहे. मी त्यांच्या कानात एवढंच म्हटलं, "मी टू. आउट."

आईला रूपकापर्यंतच वाचून दाखवा.

तुमची
ऋजुता