एक कनेक्शन, चार कॉम्प्युटर आणि माझी माणसं

७ मार्च २०११, सोमवार
अखेर घरात इंटरनेट आलं. कनेक्शन एक, कॉम्प्युटर चार: माझा, बायको तेओदोसियाचा, मुलगी मिर्नाचा आणि मागच्या खोलीत राहणाऱ्या मेहुण्याचा, क्रिस्पीनचा. जोडायला आलेला माणूस म्हणाला, वायरलेस डबा घ्या, कटकट नको. मी नुसता हसलो. लुकेच्या टपाल कचेरीत एकतीस वर्षं गावाची पत्रं वाटली मी. इंटरनेट वाटायला असं काय लागतं? चाळीस मीटर वायर स्वतः टाकली. आंब्यावरून, कपड्यांच्या दोरीला धरून. वेळापत्रक भिंतीवर लावलं. मिर्ना सकाळी, क्रिस्पीन दुपारी सगळे झोपतात तेव्हा, तेओदोसिया रात्रीच्या जेवणाआधी. मी: देखरेख, दिवसभर.

९ मार्च
स्पीड अत्यंत कमी. कोणीतरी चोरून काहीतरी मोठं डाउनलोड करतंय. संशय क्रिस्पीनवर. विचारलं तर म्हणतो, "दाजी, मी फक्त फुटबॉलचे स्कोअर बघतो, शप्पथ." लाल झाला होता. खोटं बोलणारा माणूस लाल होतोच.
(माझ्या मशीनवर जुन्या हार्पवादनाच्या ३४० रेकॉर्ड उतरतायत. पण ते सांस्कृतिक काम. मोजण्यात धरत नाही.)

११ मार्च, संध्याकाळी ७
मिर्नाचं कॉलेजचं ड्रॉइंग गेलंच नाही. मुदत संपली. रडली. मी समजावलं की शिस्त पाळली असती तर ही वेळ आली नसती. म्हणाली, "बाबा, माझ्याच वेळेत बसले होते मी." कोवळ्या वयात माणूस कारणं फार देतो.

१३ मार्च, रविवार
आज मोठा दिवस. थोरला मेहुणा विल्फ्रिदो स्पेनमध्ये असतो. शुक्रवारी त्याला मुलगी झाली. अकरा वाजता सासूबाई कॉम्प्युटरसमोर नातीला बघायला बसल्या. कानात सोन्याचे डूल, ओठांना लाली. चित्र आलं, एक दुपटं आणि अर्धा कान, आणि तिथंच गोठलं. मी लगेच कनेक्शनचा डबा बंद करून चालू केला. तो वीस मिनिटं चालू झालाच नाही. तोपर्यंत तिकडे बाळ झोपलं. तेओदोसिया म्हणाली, "एलादियो, तुझं ते डाउनलोड थांबव म्हणून मी तुला दहा वेळा सांगितलं होतं." दहा वेळा नाही, तीन वेळा. आणि एक रेकॉर्ड ९१ टक्के उतरल्यावर कोण थांबवतं?
सासूबाई उठल्या. डूल काढून डबीत ठेवले. समजूतदार बाई.

१५ मार्च
कनेक्शनचा पासवर्ड बदलला. हवा असेल त्यानं मागावा. कारण लेखी द्यावं.

१९ मार्च
कोणीही मागितला नाही! चार दिवस एकही तक्रार नाही. स्पीड तर वाऱ्यासारखा. शेवटी कडक माणूसच लागतो. मिर्नाला विचारलं, अडचण? म्हणाली, "आता काहीच नाही, बाबा," आणि गालाचा मुका घेतला. कितीतरी वर्षांनी.
घरातही गोडीगुलाबी आहे. सगळे मिळून शेजारच्या शिलाईवाल्या देओलिंदाबाईंच्या ओट्यावर तेरेरे, म्हणजे आपला गार पाल्याचा चहा, प्यायला जातात. मिर्ना लॅपटॉप नेते. म्हणते, घरात उकडतं.

२३ मार्च
क्रिस्पीनच्या वायरवर मोजे वाळत घातलेले दिसले. तेओदोसियाच्या कॉम्प्युटरवर झाकण. कॉम्प्युटरवर डब्याची माहिती उघडून बघितली: जोडलेली मशीन, एक. डबा खराब आहे. कंपनीला कडक पत्र लिहिलं.

२५ मार्च
डबा खराब नाही.
क्रिस्पीनला सहज म्हणालो, माझं डाउनलोड चालू आहे, आज जपून वापर. तो म्हणाला, "चालू द्या की दाजी, आम्हाला आता कुठं..." आणि जीभ चावली. मी थेट स्वयंपाकघरात गेलो. तेओदोसिया कणसं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "देओलिंदाकडे वायरलेस आहे. तिनं पासवर्ड दिलाय. त्या रविवारपासून आम्ही सगळे तिथंच."
सगळे म्हणजे?
"सगळे. आईसुद्धा."
मला का नाही सांगितलं, विचारलं.
"सांगितलं असतं तर तू तिथंही वेळापत्रक लावलं असतंस."
एकतीस वर्षं मी टपाल खात्यात आणि माझीच बायको पत्र टाकते ती दुसऱ्याच्या पेटीत! जेवलो नाही. कोणी आग्रह केला नाही. मग थोडं जेवलो.

२६ मार्च
ठरलं. अबोला. पश्चात्ताप होऊन येतील. माफ करण्याआधी मी थोडा वेळ घेईन.

२७ मार्च, रविवार, सकाळी ११
घर रिकामं. सासूबाई डूल घालून गेल्या. मी वायर तपासायला म्हणून कुंपणाजवळ गेलो, तर पलीकडे सगळे एका लॅपटॉपभोवती. बाळ रडत होतं, आवाज स्वच्छ येत होता. सासूबाई तिच्याशी गुआरानी भाषेत बोबडं बोलत होत्या. मग विल्फ्रिदोनं विचारलं, "दाजी कुठायत?"
मी वाकलेला तसाच थांबलो.
सासूबाई म्हणाल्या, "तो बरा आहे रे. नेट सांभाळतोय. बाळाचं तोंड इकडे कर."
घरी आलो. हार्पच्या ३४० रेकॉर्ड पूर्ण उतरल्यात. एक लावली. नंतर बंद केली, पलीकडचं ऐकू येईना म्हणून.