वाक्याचे तीन प्रकार आणि पंचफुलेची बारावी

१८ नोव्हेंबर
आज निर्णय झाला. बायकोला, पंचफुलेला, बारावीचं इंग्रजी मी शिकवणार.
ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस. सेविका सोजरबाई जूनमध्ये रिटायर होतात. त्यांची जागा हिला मिळू शकते, पण बारावी पास पाहिजे. ही दहावीवर थांबलेली. म्हणून तिनं बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे, मी रिपीटरचा. मी फक्त सोबत म्हणून. तशी माझी बारावी झालेलीच आहे, एक इंग्रजी तेवढं राहिलं. तेही तीनदा दिलेलं, म्हणजे अनुभव भरपूर.
प्लॅन: वाक्याचे प्रकार आठ दिवसांत. सिम्पल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स. बाकीचं आपोआप येतं.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
पहिलं लेक्चर. आमच्या पिठाच्या गिरणीतच घेतलं, दळण चालू होतं. नियम सांगितला: छोटं वाक्य सिम्पल, ‘अँड’ आलं की कंपाउंड, समजलं नाही की कॉम्प्लेक्स. नियम माझा स्वतःचा.
पंचफुला म्हणाली, “मले काईच आयकू नाई आलं.”
गिरणी बंद करून पुन्हा सांगितलं. तरी चेहरा तसाच. तिचं बेसिक कच्चं आहे.

२३ नोव्हेंबर
वाद. वाक्य: ‘गोलू अँड प्रज्वल आर ब्रदर्स.’ मी म्हणालो कंपाउंड. पुस्तकात मागे उत्तर सिम्पल. छपाईची चूक, पेनाने दुरुस्त केली.
पंचफुलेनं वाक्यावर बोट ठेवलं. “नावं दोन हायेत, पन क्रियापद एकच हाये ना? मंग वाक्यबी एकच.”
परीक्षेत इतका विचार करायला वेळ नसतो, हे तिला बजावलं.

४ डिसेंबर
आठ दिवसांचे सोळा झाले. कारण: गिरणीचा पट्टा तुटला. उद्यापासून रोज एक तास. नक्की.

९ डिसेंबर
मध्ये चार दिवस तूर पाहायला शेतात जावं लागलं. आज कॉम्प्लेक्स घेतलं. माझी खास युक्ती: मेन क्लॉज म्हणजे नवरा, एकटा उभा राहतो. सबऑर्डिनेट क्लॉज म्हणजे बायको, तिला आधार लागतो. उदाहरण तिलाच करायला सांगितलं. तिनं लिहिलं: ‘शी कुक्स बिकॉज ही इज हंग्री.’
मग तिनंच विचारलं, “यातलं एकटं उभं राह्यते ते कोन?”
क्लास आज लवकर सोडला.

२१ डिसेंबर
धरमसिंग दळण घेऊन आला. त्याला ‘इफ’चं वाक्य दहा मिनिटं समजावलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, “बबनराव, पीठ जाडं आलं.”
गावात शिक्षणाची आवड नाही.

६ जानेवारी
पंचफुला हल्ली मला काही विचारत नाही. म्हणजे शिकवणं मुरलं.
अंगणवाडीत पीठ पोचवायला गेलो. फळ्यावर इंग्रजी वाक्यं, प्रत्येक क्रियापदाखाली रेघ. लेकरं घरी गेली की ही तासभर थांबते म्हणे. सोजरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊ, इचं नाई झालं तं बाहेरची येईन. अकरा वर्सं इनं या लेकरायचे नाकं पुसले.”
मी म्हटलं काळजी करू नका, मी आहे. त्यांनी पीठ मोजून घेतलं.
माझी स्वतःची रिव्हिजन बाकी आहे. पण शिकवणाऱ्याला ती लागत नाही.

११ फेब्रुवारी
इंग्रजीचा पेपर. सकाळच्या एसटीनं मालेगावला गेलो. पंचफुलेनं घास खाल्ला नाही, हॉल तिकीट तीनदा पिशवीत पाहिलं. तिची खोली खाली, माझी वर. जिन्यापाशी म्हणाली, “तुमीबी नीट लिवजा.” मला हसू आलं.
वाक्यं कंपाउंड करा, असा प्रश्न होता. सगळीकडे ‘अँड’ घातला. कुठे दोनदा. तासभर आधीच बाहेर आलो.
ती सगळ्यात शेवटी आली. बोटं शाईनं निळी. परतीच्या एसटीत प्रश्नपत्रिकाच वाचत होती. मी धीर दिला की नापास झालं तरी जुलैत पुन्हा देता येतं.

५ मे, दुपारी १:१०
निकाल. आधी तिचा पाहिला. इंग्रजीत चौसष्ट. सगळ्या विषयांत पास.
मग माझा. इंग्रजी एकोणीस. साइट हँग झाली असावी म्हणून परत उघडली. एकोणीसच.
पंचफुला मोबाइल हातात धरून रडली. सोजरबाई आल्या, त्याही रडल्या. शेजारच्या बायकांनी विचारलं, कोणी शिकवलं गं? मी घसा साफ केला. पण त्याआधीच त्यांनी माझेही मार्क विचारले होते.
पंचफुला माझ्याकडे न पाहता म्हणाली, “यायनंच सुरू करून देल्लं.”
पाणी प्यायला आत गेलो. बराच वेळ आतच होतो.

८ मे
जुलैचा माझा फॉर्म पंचफुलेनं भरला. मी नको म्हणत होतो. गिरणीचं काम, वय, डोळ्यांचा नंबर. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सही करा.”

१३ मे, सकाळी ६:३०
अंगणवाडीत जायच्या आधी तिनं मला अर्धा तास दिला. ओट्यावर बसलो. सिम्पल, कंपाउंड आणि कॉम्प्लेक्समध्ये फरक काय, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, हे तर मीच तुला शिकवलं.
“हाव. पन काय शिकोलं व्हतं?”
आठवेना.
मग तिनं सांगितलं. सावकाश, अंगणवाडीतल्या लेकरांना सांगते तसं.
पहिल्यांदाच समजलं.