‘रूरल’ म्हणताना

तीर्थरूप आबा,

लीड्सहून संजीवनीचा नमस्कार. फोन केला की तुम्ही तो आईकडे देता, म्हणून पत्र लिहिते. मी मजेत आहे, थंडीही अंगवळणी पडली.

गावोगाव सभा गाजवलेली तुमची लेक इथे ‘रूरल’ या एका शब्दाला अडली. इंग्रजी ‘र’ म्हणताना जीभ टाळूला लावायची नसते, आणि आपला ‘र’ तर टाळूवर थडकल्याशिवाय निघत नाही. खोलीतली रेश्मा, आपल्या इंदापूरचीच, म्हणाली, “अगं, जीभ हाय का नांगर?” मग भांडी घासतानाही तोच शब्द घोकला. तरी काल विद्यापीठात ग्रामीण दवाखान्यांवरच्या भाषणात अडखळले. काहीजण हसले. मी थांबले, शब्द नीट उच्चारला आणि पुढचं भाषण ठणकावून केलं.

आई सांगते, अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलणं बोबडं येतं म्हणून तुम्ही डेअरीवर दूध घालताना गप्प उभे राहता, आपला सभासद नंबर तीच सांगते. बारामतीच्या डॉक्टरांनी दिलेला सराव करता ना? हसणाऱ्यांना भिऊन आपण गप्प बसलो, तर कुणी बोलायचं हे तेच ठरवतील. मला ते मान्य नाही.

पत्र मिळाल्यावर नंबर तुम्हीच सांगा. डेअरीवर दूध मापणारे गोकुळतात्या हसले तर हसू द्या, आणि पुन्हा सांगा.

तुमचीच,
संजीवनी