उपाशीपोटी

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज पेशंट कासऱ्यानं बांधून आणला! राणीसावरगावहून, पिकअपमध्ये, मारक्या बैलासारखा. नाव परमेश्वर. तिशीतला, पीळदार गडी. सकाळच्या पारी उठला आणि बायकोच्या खांद्यावर कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, हाणला. गळ्याजवळचं हाड मोडलं तिचं. राजेश्री नाव तिचं. मोठा भाऊ महारुद्र मधे पडला, तर त्याच्या करंगळीचा शेंडा दातानं तोडला. तो शेंडा रुमालात घेऊन आला होता. म्हणतो, "डॉक्टर, शिवता का?" — जशी शर्टाची गुंडी!

आणि बांधलेला गडी? एकदम गरीब. शर्ट घामानं पिळून काढावा असा, पण डोळे शांत. "साहेब, मला कामून बांधलंय?"

काही म्हणजे काही आठवत नाही. दारूचा वास नाही. साखर ठीक, डोक्याचा फोटो ठीक. मिरगी असेल म्हणून लिहिणार होतो. एक्स-रेच्या दारावरून जाताना महारुद्रचा आवाज कानावर आला — "नाक्यावर च्या पाजला, तवा कुठं मऊ आला."

पावलं तिथंच थांबली. "साखरेचा?" मी विचारलं.

"आमच्यात बिनसाखरेचा कोन पितंय साहेब?"

म्हणजे साखर इथं येईपर्यंत ठीक झाली होती! आधी किती होती, देव जाणे. कधी कधी होतं असं? — "सकाळी. नायतर जेवायला उशीर झाला की." दोन वर्षांपासून. भरती करून घेतलाय. उद्या उपाशी ठेवतो, डोळ्यांसमोर, आणि रक्त बघतो.

२७ सप्टेंबर

खाट रिकामी! आई कस्तुराबाई पहाटेच्या एसटीनं घेऊन गेली. फोन लावला.

"देवीचा कोप हाय डाक्टर. नवरात्रात मीच नऊ दिस निरंकार धरायला लावते त्याला."

मी ओरडलो — मावशी, उपाशी ठेवू नका, जीव घेईल तो कुणाचा तरी!

"कालच तर तुमी म्हन्लाव, उपाशी ठेवून बघायचं!"

"माझ्यासमोर ठेवायचं होतं!"

"देवी बी समोरच हाय की."

हसूही आलं आणि रागही. आयुष्यात वकिलाला हरलो नाही, म्हातारीनं दोन वाक्यांत गप्प केलं.

३ ऑक्टोबर

घट बसले. फोन राजेश्रीनं उचलला. कुजबुजत बोलली — निरंकार धरलाय, पाणीसुद्धा नाही, खोलीला बाहेरून कुलूप. मी म्हटलं, फटीतून गुळाचा खडा तरी सार. "किल्ली आत्याबायच्या कमरंला हाय." मागून सासूचाच आवाज आला, "कोनाला बोलायलीस? ठिव फोन!"

५ ऑक्टोबर, शनिवार

वरचा ओठ सुजलाय, एक दात गेला. तरी लिहितो.

दार बिजागऱ्यांसकट काढलं त्यानं. देव्हाऱ्यापुढची समई उचलून आईच्याच डोक्यात घातली. मग राजेश्रीचा गळा धरला. तिचा एक हात गळ्यात बांधलेला, सोडवणार कशी? महारुद्रनं खोऱ्याचा दांडा त्याच्या पाठीत मोडला तेव्हा सुटली. बोटांचे निळे वण उठलेत गळ्यावर. आवाज गेलाय.

दवाखान्यात उतरवला तर कासरा तुटला. सलाइनचा स्टँड उचलून काच फोडली, वॉर्डबॉयचं मनगट मोडलं. मी पुढे गेलो — ठोसा तोंडावर! बापानं मानवतच्या मोंढ्यात धान्याची पोती वाहिली, सुट्टीत मीही. पोतं कसं पाडायचं ते डिग्रीच्या आधी शिकलोय. गुडघ्यात शिरलो, आडवा केला, छातीवर बसलो. बाकीचे पायांवर. गुरगुरत होता नुसता, तोंडाला फेस. आई रक्तानं माखलेली समोर उभी, तिच्याकडंही अनोळखी असल्यासारखा बघत होता.

पंचफुला सिस्टरनं बोट टोचलं. "सर, साखर अठ्ठावीस!"

अठ्ठावीस! एवढ्यावर माणूस उभा राहत नाही, हा लढत होता. आधी रक्त काढून घेतलं. ग्लुकोज दिल्यावर पुरावा धुऊन जातो. मग शिरेत ग्लुकोज. दुसरी सिरिंज संपेपर्यंत अंग सैल पडलं. डोळ्यांत माणूस परत आला. मला म्हणतो —

"डॉक्टर, तुमच्या तोंडाला रक्त कशाचं?"

मी छातीवरून उठलो. बाकीचे अजून पाय धरूनच होते.

६ ऑक्टोबर

आज वेगळीच मारामारी. कस्तुराबाई टाके घातलेलं डोकं घेऊन शेजारच्या खाटेवरून ओरडली, "हिनंच! माझ्या शुगरच्या गोळ्या च्यात घातल्या हिनं!" शंका फुकाची नाही, मलाही आली होती. त्या गोळ्या निरोग्याला दिल्या तर असंच होतं. पण महारुद्रनं राजेश्रीचे केसच धरले, भिंतीवर डोकं आपटायला निघाला. मी त्याची दुखरी करंगळी धरली आणि दाबली. सुटले केस.

तेवढ्यात मानवतहून तिचा भाऊ हरिओम आला. जीप भरून माणसं, हातात काठ्या. "आधी दाजीचे हातपाय मोडतो, मंग ठाण्यात जातो!"

मी म्हटलं, काठ्या भिंतीला टेकवा, चहा घ्या, मग मोडा. बसले! पुण्याला पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत कुणी कुणाला हात लावायचा नाही, असं सगळ्यांकडून वदवून घेतलं. राजेश्रीनं नुसता हात वर केला. तिला आवाजच नव्हता.

११ ऑक्टोबर

रिपोर्ट! रक्तात गोळीचा मागमूस नाही. राजेश्री सुटली. पण इन्सुलिन — भरमसाट. तसा नांदेडला स्कॅन करवला. स्वादुपिंडाच्या शेपटाला शेंगदाण्याएवढी गाठ. अशी केस पुस्तकात वाचली होती, वीस वर्षांत डोळ्यांनी पाहिली नव्हती. परभणीच्या मीटिंगमध्ये मांडणार!

घरच्यांना समजावलं — गाठ म्हणजे विहिरीवरची मोटार समजा, साखर म्हणजे पाणी. बटण बिघडलंय, बंदच होत नाही. पाणी असेपर्यंत ठीक. उपाशी ठेवलं की विहीर कोरडी, मग डोकं फिरतं.

कस्तुराबाईनं पदर तोंडात कोंबला. "म्हंजे मीच माझ्या लेकराला…" तिला पुरं बोलू दिलं नाही. मावशी, देवीलाही ठाऊक नव्हतं.

हरिओम तक्रार द्यायला निघून गेला होता. स्वतः ठाण्यात जाऊन परत आणला. गुन्हेगार नाही रे, आजारी आहे. राजेश्रीला आवाज थोडा आलाय. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे त्यानला कायबी कळत नव्हतं?"

"काहीच नाही ताई. समोर तू आहेस हेसुद्धा नाही. त्यानं नाही मारलं, आजारानं मारलं."

गळ्यावरच्या वणांवरून तिनं बोट फिरवलं. मग मान हलवली.

२४ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं, संभाजीनगरला. मी आत उभा होतो. गाठ काढली आणि थोड्या वेळात साखर चढायला लागली! सर्जननं गाठ तळहातावर ठेवून दाखवली. एवढीशी! दोन वर्षं एका घराला हिनं रक्तबंबाळ केलं.

१४ नोव्हेंबर

आले सगळे. परमेश्वरनं पाया पडायला वाकावं, मी टाके दुखतील म्हणून धरावं — अशी झटापट! सकाळच्या साखरा सगळ्या छान. कस्तुराबाई म्हणाली, आता उपास मीच करीन त्याच्या वाटचा. सगळे हसले. महारुद्रनंही तोडकं बोट वर करून दाखवलं.

राजेश्री माहेरी होती, आज थेट सासरी निघाली. हरिओम दारात घुटमळत होता. "डॉक्टर, पाठवू का?" मी म्हटलं, बिनधास्त पाठव. हमी माझी.

मीटिंगमध्ये केस गाजली. बडे बडे डॉक्टर उठून हात मिळवून गेले.

२ डिसेंबर, सोमवार

राजेश्री एकटी आली. ओठ फाटलेला, डाव्या डोळ्याखाली काळंनिळं. माझ्या तोंडून पहिलं तेच निघालं — उपाशी होता का?

"न्हाई. पोटभर जेवला, हात धुतले, मंग उठला." खुर्चीवर बसलीसुद्धा नाही ती. "आदी कोनालाच वळखत नव्हता डॉक्टर. या बारीला नाव घेऊन मारलं."