रंगाखाली बुजलेलं भोक

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी खुर्चीवरची नोकरी सोडली, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. हडपसरला माझं डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. आज रविवार, शटर अर्धं खाली ओढून आत बसलेय. नखांत काळं आहे. ते आता निघत नाही.

तुम्ही सरकारी वर्कशॉपमध्ये जन्मभर इंजिनं खोललीत. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून एखादा सुटा भाग रॉकेलमध्ये धूत बसायचात. मी सहावीत असेन. त्या रॉकेलात मी हात घातला. तुम्ही माझं मनगट धरून मोरीवर नेलंत आणि साबण लावून एकेक बोट घासलंत. "हे काळे हात माझ्यापाशी संपले पाहिजेत. तू शिकायचं आणि खुर्चीवर बसायचं." आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, पोर नुसती बघतेय." तुम्ही म्हणालात, "बघायचंही नाही." दहावी झाल्यावर तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. मी शिकले, जनरेटरच्या कंपनीत खुर्चीवर बसले, बारा वर्षं फोनवर लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या. तुम्ही गेलात तेव्हा मी खुर्चीवरच होते. पुढे जेवणाच्या सुट्टीत खाली मिस्त्रींजवळ जाऊन उभी राहू लागले. त्यांनी आधी पाना धरायला दिला, मग इंजिन.

गेल्या हिवाळ्यात नारायण पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक टेम्पोत इंजिन घालून आले. त्यांची एक जुनी शिडाची बोट कोकणात खाडीत असते. वारा पडला की चालवायला तिच्या पोटात हे छोटं डिझेल इंजिन. तक्रार एकच: पाऊण वेगाने पंधरा मिनिटं चाललं की जोर जातो, मग बंद पडतं. मी सगळं खोललं, साफ केलं, इंजेक्टर बदलले आणि इथे कॅनमधलं डिझेल देऊन दोन तास चालवलं. एकदाही अडखळलं नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, "घेऊन जा."

महिन्याने ते परत आले, या वेळी एकटेच, इंजिनाविना. नवराबायको बोट घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले होते. वारा पडला, इंजिन सुरू केलं, आणि ऐन ओहोटीत त्याचा जोर गेला. बोट खडकांकडे ओढली जात होती. मासेमारी करणाऱ्या एका होडीने दोर टाकला म्हणून वाचले. "तुमच्याकडे इंजिन अगदी शहाण्यासारखं वागतं," ते म्हणाले. "मग आता मी बोट हडपसरात चालवू का?" इंजिनात दोष नव्हता हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत होते, पण त्यांच्या बायकोला पोहता येत नाही, हे त्यांनी जाता जाता सांगितलं.

मी कोकणात गेले. बोट धक्क्याला बांधलेलीच ठेवून इंजिन चालवलं. पंधरा मिनिटं, आणि जोर गेला. फिल्टर बदलला, नळ्या बदलल्या, आतली हवा काढली. पुन्हा पंधरा मिनिटं. दुपार झाली. तिसऱ्यांदा इंजिन धापा टाकू लागलं तेव्हा टाकीत डिझेल तरी आहे का बघावं म्हणून मी झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली, आणि इंजिनाने आपोआप वेग पकडला.

आई तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडायची ते याचसाठी: आत हवा गेली नाही तर तेल बाहेर येत नाही. टाकीलाही हवेची नळी असते. ती शोधत मी बोटीच्या मागच्या बाजूला वाकले, तर तिचं तोंड पांढऱ्या रंगाखाली गुळगुळीत बुजलेलं.

"बोट कुणी रंगवली?"

"मीच," प्राध्यापक म्हणाले. "दसऱ्याला. दोन हात दिले."

धक्क्यावर उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने तेवढ्यात सांगितलं, "तीन. उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून."

मी तारेने भोक मोकळं केलं. मग इंजिन तासभर चाललं, आणि शेवटची वीस मिनिटं बाईही बोटीत बसल्या, कठडा घट्ट धरून. मी इथे वर्कशॉपमध्ये उघड्या कॅनला टाकी समजून चालले होते, हे मी त्यांना सांगितलं. चूक माझीही होती.

निघताना प्राध्यापकांनी विचारलं, "हे शिकलात कुणाकडे?"

"वडिलांकडे," मी म्हणाले.

"तरीच," ते म्हणाले.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. मला शिकवणारे मिस्त्री अजून आहेत, थकलेत, पण कान शाबूत आहेत. पुण्याला पोचल्यावर त्यांना फोन करून सगळं सांगितलं, टाकी, झाकण, तीन हात रंग. ते खूप हसले. निघताना झालेलं तेवढं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही.