आप्पांच्या डोळ्याचा कौल

४ जानेवारी, शनिवार
रत्नागिरीहून दुपारच्या एस.टी.ने परत. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू फार पिकलाय. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत काढा, नाहीतर डोळ्यात दाब वाढून तो कायमचा जाईल. डाव्याचं नंतर. मी सगळं लिहून घेतलं. आप्पा पायांनी चपला चाचपत म्हणाले, "देवीला विचारतो, मग बघू."
"डॉक्टरांनी सांगितलंय ना आप्पा?"
"त्यांनी डोळ्याचं सांगितलं. माझं मी तिला विचारतो."
आप्पा, माझे वडील, गावदेवीचे गुरव. जन्मभर दुसऱ्यांसाठी कौल लावले, त्यांना स्वतःसाठी नको कसं म्हणायचं?

५ जाने., रवि.
काल लिहायचं टाळलं ते. गणपतीपासून आप्पांना देवीच्या पाषाणाला लावलेली कौलाची पाकळी दिसत नाही. लावतात हाताच्या सवयीने, पण कुठली पडली ते मी शेजारी उभी राहून हळूच सांगते. गावाला वाटतं मी ताट धरायला असते. मागे एकदा म्हटलं, हे खोटं आहे. आप्पा म्हणाले, "खोटं कुठं गो? कोणी विचारलंच नाय."
मला खोट्याचा धाक आप्पांनीच घातला. शाळेच्या आधी देवळाच्या पायरीवर बसवून शिकवायचे. अक्षरं झाली की दिवसभराचं विचारायचे. "काय पाहिलंस ते आधी सांग. काय वाटलं ते मागनं." दोन्ही एकत्र केलं की पुन्हा पहिल्यापासून. वहीत अजून तसंच लिहिते, पा. आणि वा.

८ जाने., बुध.
सकाळी कौल. देवळात आम्ही दोघंच.
पा. आप्पांनी दोन ओल्या पाकळ्या पाषाणाला लावल्या. गाऱ्हाणं घातलं, नेहमीपेक्षा लहान. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नको. बराच वेळ दोन्ही जागच्या जागी. मग डावी पडली.
आप्पा म्हणाले, "कुठली गो?"
मी म्हटलं, "उजवी."
नमस्काराला त्यांचा हात पाषाणाकडे गेला आणि राहिलेली पाकळी हाताला लागेल म्हणून मी घाबरले. पटकन उजवी काढून घेतली, पडलेली डावी उचलून पुन्हा डावीकडे चिकटवली. म्हणजे आधी तोंडाने आणि मग हाताने. आप्पांनी तळवा पुढे केला. त्यांच्या हातावर उजवी ठेवली. ती रुमालाच्या टोकाला बांधून घेतली.
वा. काही लिहिता येत नाही.

९ जाने.
पाकळीत पाणी जास्त राहिलं की ती पडते, असं मानलं तर मी फक्त आप्पांशी खोटं बोलले. देवी सांगते असं मानलं तर तिने नको म्हटलं आहे, आणि मी तिचा शब्द फिरवून आप्पांना ऑपरेशनला पाठवतेय. यातलं मी खरंच काय मानते?
सकाळी पहिलं मानत होते. दुपारी आप्पांना उंबऱ्याला ठेच लागली तेव्हा दुसरं.
मला दोन्हीकडून सुटायचं आहे, म्हणून दोन्ही अर्धं अर्धं मानतेय. हेही एक खोटंच.

११ जाने., शनि.
आईला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. थांबली नाही.
"आता कोणाकडे बोलू नको. डोळा होऊ दे."
"पण देवीचा..."
"तुझ्या आप्पांनी इतक्या वर्षांत किती डाव्या उजव्या केल्या, ते मोजायला तू होतीस?"
"म्हणजे?"
"म्हणजे काय नाय. तव्यावरची उलट."
नंतर दोनदा विचारलं. हसली नुसती.
आई खरं सांगत होती की माझं ओझं हलकं करायला खोटं, कळत नाही. खोटं असेल तर ते आप्पांच्या नावावर, तेही माझ्यापायी.

१७ जाने., शुक्र.
सांगायचं ठरवून ओटीवर गेले. डोळा त्यांचा, देवीही त्यांची. नको म्हणायचा हक्क त्यांचाच. आप्पा म्हणाले, "पेपर वाच, सगळा नको, बरं तेवढं." वाचला. मधे म्हटलं, "आप्पा, कौलाचं एक..."
"तिने हो म्हटलंय. आता मला भीती नाय वाटत." मग म्हणाले, "आधी वाटत होती हां."
पुढचं पान वाचलं.

२० जाने., सोम.
ऑप. झालं. वीस मिनिटंही लागली नसतील.
त्याआधी संमतीपत्र. सर्व माहिती समजून घेऊन, स्वखुशीने. मी एकेक ओळ मोठ्याने वाचली, धोके पुन्हा वाचले. नर्स घड्याळाकडे बघत होती. आप्पा तिला म्हणाले, "आमची वकील हाय ही, फी घेत नाय." मी दाखवलेल्या जागी त्यांनी सही केली. खाली नातेवाईकाची सही, रुग्णास सर्व सांगितले आहे म्हणून.
केली. पेन चालत नव्हतं, नर्सने दुसरं दिलं, तरी केली.
आत जाताना रुमाल माझ्याकडे दिला. आतली पाकळी सुकून काळी पडली आहे.

२१ जाने., मंगळ.
पट्टी काढली. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "बारीक झालीस गो."
जिन्यात जाऊन रडले. आनंद होता. पण त्यातही लपवलेलं होतं.

२६ जाने., रवि.
आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, देवीने उजवी दिली म्हणून गेलो, नाहीतर गेलो नसतो. थेंबांच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवतात. आज वरच्या वाडीतली सुलूकाकी आली. तिला पिशवीचं ऑपरेशन सांगितलंय. "तुझ्या बाबाला कौल लागला, तसा माझा पण लावा. डावी पडली तर मी नाय जायची, मुलगो काय पण बोलू दे." आप्पांनी तिला पुढचा रविवार दिला.
माझ्या खोट्याला यश आलं आणि आता दुसरी बाई त्याच्यावर जीव टाकून बसणार. डावी पडली तर ती मरेल कदाचित. उजवी पडली तरी मला माहीत असणार, ती कशाच्या भरवशावर गेली.

३० जाने., गुरु.
सांगितलं. आधी पा., मग वा. मधे थांबले नाही. पाकळी बदलली तेही.
आप्पा ऐकत होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "दुसरा डोळा कधी म्हणाले डॉक्टर?"
"फेब्रुवारीत."
"त्याचा कौल मी एकटा लावीन. तू घरी थांब."

१ फेब्रु., शनि.
आप्पांनी काकीला निरोप धाडला, माझी नजर अजून बसली नाय, कौल सध्या बंद, तोवर डॉक्टर सांगतो ते कर.
नजर चांगली बसली आहे. सकाळीच तांदळातले खडे वेचत होते.

२ फेब्रु., रवि.
आप्पा सकाळी आंघोळ करून एकटेच देवळात गेले. ताटही स्वतः नेलं. मी अंगण झाडलं, मग पुन्हा झाडलं. आई म्हणाली, "माती उकरून काढशील."
तासाभराने आले. पायांवर पाणी घेतलं, चहा मागितला. चेहऱ्यावरून काही कळेना. आईने विचारलं नाही. चहा संपल्यावर म्हणाले, "फोन लाव डॉक्टरांना. तारीख घे."
लावला. सतरा तारीख मिळाली, सोमवार. रिकाम्या पोटी आणा म्हणाले.
फोन ठेवून आप्पांसमोर उभी राहिले. कुठली पडली, एवढंच विचारायचं होतं. आप्पाही बघत होते, एका चांगल्या डोळ्याने, विचारते की नाही म्हणून.
विचारलं नाही.